गावातल्या आशाताई, अंगणवाडीताईंसाठी ठाण्यात होणारं अत्याचारग्रस्त मदतीचं ट्रेनिंग : जावं का? जावंच, पण हे वाचून जा

सरळ मुद्द्यावर येते. ठाण्यात नौपाड्यात एक संस्था दोन दिवसांचं फुकट ट्रेनिंग घेते, विषय असा की गावात एखाद्या बाईवर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला तर तिच्यापाशी सगळ्यात आधी जो माणूस पोचतो त्याने काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बायका, पोलीस पाटील, आश्रमशाळेतल्या बाई अशांसाठी आहे. माझी वहिनी मुरबाड तालुक्यात आशा आहे, तिचं नाव तिच्या पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) आलं आणि मी ऐरोलीहून तिच्यासोबत गेले. मला बसू द्याल का असं आधी फोन करून विचारलं तर संस्थेतल्या बाई म्हणाल्या उलट याच तुम्ही, गावातली मुलगी अडचणीत आली की घरचे तिला घेऊन ठाणे नवी मुंबईतल्या नातेवाइकाकडेच येतात आणि त्या नातेवाइकाला कुठे जायचं ते माहीत नसतं. अगदी खरंय. त्यामुळे हे मी गावातल्यांसाठी लिहितेय तसंच ऐरोली, कळवा, दिवा, कोपरखैरणे इकडे राहणाऱ्या आणि गावाला घर असणाऱ्या सगळ्यांसाठी पण लिहितेय.

संस्थेचं नाव टाकत नाहीये. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका आपल्याच आसपासच्या वाड्यापाड्यातल्या आहेत, तालुके छोटे आहेत, कोण कोणाकडे गेली होती यावरून लोक बरोबर शोधून काढतात. अशी ट्रेनिंगं बऱ्याच ठिकाणी होतात, तुमच्या पीएचसीत किंवा तालुक्याच्या महिला बालविकास ऑफिसात विचारा, कळेल.

आता काय आवडलं ते. पहिल्या दिवशी सकाळचा सगळा वेळ फक्त ऐकायचं कसं यावर होता. मला आधी वाटलं एवढं काय शिकवणार ऐकायला, पण मग त्यांनी जोड्या पाडल्या, एकीने सांगायचं (अत्याचाराचं नाही हां, आयुष्यातलं कुठलंही कोणाला न सांगितलेलं छोटं काहीतरी) आणि दुसरीने फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही. हॉलमधल्या एकीलाही ते धड जमलं नाही. दोन मिनिटांत प्रत्येकीच्या तोंडून "मग तू तेव्हाच का नाही बोललीस" आलंच. आणि हेच वाक्य, एवढ्या रात्री तिकडे कशाला गेलीस, ओरडली का नाहीस, आईला लगेच का नाही सांगितलंस, हे आपण प्रेमापोटी काळजीपोटी बोलतो पण समोरच्या मुलीला ऐकू येतं ते एवढंच की चूक माझी आहे. ट्रेनर ताईंनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझा दोष नाही. आत्ता तुला काय हवंय. ती तीन वाक्यं प्रत्येकीकडून मोठ्याने म्हणून घेतली, आमच्या भाषेत म्हणून घेतली, कारण पुस्तकातल्यासारखं बोललं तर वाडीवरची पोर गप्पच होणार. वहिनी म्हणाली ताई, मी इतकी वर्षं बाळंतपणं, लसी, टीबीच्या गोळ्या सगळं केलं पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ओरडली का नाही यावरून त्यांनी मथुरा केस सांगितली. आपल्या महाराष्ट्रातली केस आहे, देसाईगंजची, आज गडचिरोली जिल्ह्यात येतं, १९७२ साली मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस चौकीतच अत्याचार झाला आणि पुढे सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. त्यावर चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, त्यात आपल्या वसुधा धागमवार होत्या, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आता कायद्यातच लिहिलंय की बाईने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही. हॉलमध्ये निम्म्या बायकांनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली, मी पण त्यातलीच. भीतीने माणूस गोठतो, हातपाय चालत नाहीत, आवाज फुटत नाही, हे शरीराचं आहे, ते ट्रेनर ताईंनी इतक्या साध्या शब्दांत समजावलं की मागे बसलेल्या एक आजी (त्या बचत गटातून आल्या होत्या) डोळे पुसत बाहेर गेल्या. त्यांच्या मागे लगेच एक कार्यकर्ती गेली, काही न विचारता नुसती शेजारी बसून राहिली. असं कोणाला तरी होणार हे धरूनच त्यांनी एक माणूस त्या कामाला ठेवलेला होता, हॉलच्या बाजूची एक खोली मोकळी ठेवली होती. असलं ट्रेनिंग घेणाऱ्या सगळ्यांनी हे करायला पाहिजे.

दुपारी हॉस्पिटलचा भाग. हा प्रत्येकाने ऐकायलाच हवा, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं आधी पोलीस, मग हॉस्पिटल. तसं नाहीये. सरळ हॉस्पिटलला जाता येतं, एफआयआर नसला तरी उपचार नाकारता येत नाहीत, सरकारी असो की प्रायव्हेट, पहिले उपचार फुकट करायचे असा कायदा आहे आणि नाकारले तर हॉस्पिटल चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, पण पोलीस यायची वाट बघत उपचार थांबवायचे नसतात. आणि वेळ महत्त्वाची. गर्भ राहू नये म्हणून जी गोळी असते ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीपासून बचावाची औषधं पण ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तपासणीतले पुरावे साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतात, म्हणून जमलं तर अंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, ते कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही तर कागदात गुंडाळून न्यायचे (प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन खराब होतात). पण समजा अंघोळ झाली, कपडे धुतले, आठवडा गेला, तरीही जायचं, उपचार मिळतात आणि तक्रारही होते. हे शेवटचं त्यांनी दोन तीनदा सांगितलं कारण गावातनं लोक निघतातच उशिरा. आधी घरात कळतं, मग काका मामा येतात, मग भावकी बसते, मग एसटी.

गर्भ रोखायच्या गोळ्या आशांच्या किटमध्येच असतात हे वहिनीला माहीत होतंच, पण अशा वेळी त्या गोळीचा उपयोग पहिल्या तासातच होऊ शकतो हे डोक्यात आलं नव्हतं असं तिथल्या बऱ्याच आशा म्हणाल्या. गोळी दिली म्हणून हॉस्पिटल टाळायचं नाही, एचआयव्हीची औषधं तिथेच मिळणार, हेही बजावून सांगितलं.

टू फिंगर टेस्टबद्दल (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) एका एएनएम म्हणजे नर्स बाईंनी विचारलं. ती २०१३ मध्येच सुप्रीम कोर्टाने चुकीची ठरवली होती आणि २०२२ मध्ये परत सांगितलं की जो कोणी ती करेल तो गैरवर्तनाचा दोषी. कोणी करायला लागलं तर सोबतच्या बाईने सरळ नाही म्हणायचं. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला मुलीची किंवा तिच्या पालकांची परवानगी लागते, काही तपासणी नको म्हटली म्हणून उपचार बंद करता येत नाहीत. सोबत जाणाऱ्या बाईला हे माहीत असणं केवढं महत्त्वाचं आहे, मी विचार करत होते की माझ्याकडे गावाहून कोणी आलं असतं तर मी काय केलं असतं, मी तिला बहुतेक आधी गरम पाण्याने अंघोळ घातली असती, चहा दिला असता आणि झोप म्हटलं असतं.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात सेहत संस्था आणि महापालिकेने मिळून पंचवीसेक वर्षांपूर्वी दिलासा केंद्र सुरू केलं, हॉस्पिटलच्या आतच समुपदेशन, म्हणजे केसपेपर काढायला आलेल्या बाईला वेगळं कुठे जावं लागत नाही. त्याची माहिती दिली ती फार आवडली. असं प्रत्येक तालुक्याच्या हॉस्पिटलात का नाही हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला आणि विचारायलाच पाहिजे. सध्या जिल्ह्याच्या पातळीवर सखी वन स्टॉप सेंटर असतं, २०१५ पासूनची योजना आहे, निर्भया फंडातून चालते, एकाच जागी समुपदेशन, वकील, पोलिसांशी बोलणं, हॉस्पिटल आणि गरज पडली तर पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. १८१ ला फोन केला की तिथे जोडून देतात. तातडीचं असेल तर ११२, मूल असेल तर १०९८.

दुसऱ्या दिवशी पोलीस आणि कायदा. इथे सकाळचं सेशन निराश करणारं होतं, खरं तेच लिहिते. बाहेरून आलेल्या वकील मॅडम हुशार होत्या, मनापासून बोलत होत्या, पण स्लाइड सगळ्या इंग्लिशमध्ये, कलमांचे नंबर एकामागून एक, आणि त्यात १ जुलै २०२४ पासून कायदेच बदलले म्हणजे आयपीसीच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या) जागी भारतीय न्याय संहिता, त्यामुळे जुना नंबर नवा नंबर असा तक्ता. आशांना कलम नंबर कशाला पाहिजे? त्यांना पाहिजे की रात्री नऊ वाजता चौकीवर हवालदार म्हणाला हे आमच्या हद्दीत येत नाही तर मी काय बोलू. ते मग दुपारी नाटकातनं शिकवलं आणि ते नाटक जबरदस्त झालं. संस्थेतलीच एक कार्यकर्ती हवालदार झाली, शहापूरकडच्या एक अंगणवाडी ताई मुलीची आई झाल्या, वहिनी आशा झाली. हवालदार म्हणतो उद्या या, साहेब नाहीत. वहिनी गप्प. परत केलं. परत गप्प. तिसऱ्या वेळी वहिनी म्हणाली, "साहेब, हद्दीबाहेरचं असलं तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो, नाही घेतला तर तुमच्यावर केस होते, आणि एफआयआरची कॉपी आम्हाला फुकट द्यायची असते." हॉलने टाळ्या वाजवल्या. नुसतं ऐकून हे वाक्य कोणाच्या तोंडात बसलं नसतं, तीनदा उभं राहून बोलल्यावर बसलं.

या भागातलं कामाचं तेवढं लिहिते. झिरो एफआयआर म्हणजे गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येतो, म्हणजे मुरबाडला घडलेल्याची तक्रार ऐरोलीतही होते. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा. अठराच्या आतली असेल तर पोलिसांनी युनिफॉर्म घालून यायचं नाही आणि तिला रात्री पोलीस स्टेशनमध्ये ठेवायचं नाही. अपंग, बोलता न येणारी, मतिमंद मुलगी असेल तर दुभाषी किंवा विशेष शिक्षक बोलवायचा आणि व्हिडिओ काढायचा. पीडित मुलगी आदिवासी किंवा दलित असेल आणि आरोपी त्यातला नसेल तर ॲट्रॉसिटीची कलमं लावून घ्यायची, ती सुरुवातीलाच लावली तर तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि आर्थिक मदतही वेगळी मिळते. ठाणे जिल्ह्यात शहापूर मुरबाडमध्ये ठाकूर, कातकरी, वारली वस्ती एवढी आहे तर हा मुद्दा त्यांनी पाच मिनिटांत उरकला ते बरोबर नाही केलं.

मग एक प्रश्न आला जो सगळ्यांच्या मनात होता. एका बाईने हळूच विचारलं, नवऱ्याचं काय? हॉलमध्ये एकदम शांतता. त्याला ट्रेनर ताईंनी फिरवाफिरवी न करता उत्तर दिलं, की बायको अठरा वर्षांच्या वरची असेल तर आपल्या देशात नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा अजून लागत नाही, हे चूक आहे, त्यावर सुप्रीम कोर्टात लढाई चालू आहे, पण कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये लैंगिक छळ येतो, त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, संरक्षणाचा आदेश, घरात राहायचा हक्क, खर्च मागता येतो. आणि गर्भपातासाठी मात्र सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या निकालात नवऱ्याने केलेली जबरदस्ती सुद्धा बलात्कारात धरलीय, म्हणजे अशी बाई २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात मागू शकते. हे ऐकल्यावर जेवणाच्या सुट्टीत ट्रेनर ताईंभोवती जी गर्दी झाली ती सुट्टी संपली तरी हटली नाही. माझ्या मते या विषयाला अर्धा दिवस द्यायला हवा. लैंगिक हिंसा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अंधारातला परका माणूस येतो, पण गुन्हे नोंदणीच्या सरकारी आकड्यांत वर्षानुवर्षं दिसतंय की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो. आणि नवऱ्यांची तर मोजदादच त्यात नाही.

आता ज्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त विचार करतेय तो. पॉक्सो. २०१२ चा कायदा, अठराच्या आतल्या मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कोणालाही कळलं तर पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. कायदा का केला ते समजतं, घरातले दाबून टाकतात, शाळा दाबून टाकतात, बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वेच्या रुळावर का उतरले ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पण वहिनीचा प्रश्न वेगळा होता. तिच्या भागात सोळा सतरा वर्षांच्या पोरींची लग्नं होतात, किंवा पोरगी पोरगा आपापल्या मर्जीने राहतात, मग ती गरोदर राहते, मग आशाने रजिस्टरमध्ये वय लिहायचं. खरं वय लिहिलं आणि दवाखान्यात नेलं तर पोलीस येणार, नवरा आत जाणार, आणि मग सगळी वाडी आशाच्या दारात उभी. मग काय होतं, त्या पोरी दवाखान्यातच येत नाहीत. घरी बाळंत होतात. वहिनी म्हणाली ताई, मी कळवलं तर पुढची दहा जणी माझ्यापासून लपणार आणि नाही कळवलं तर मी गुन्हेगार.

याला ट्रेनर ताईंकडे पूर्ण उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते आहे असं दाखवलंही नाही, याचे मी त्यांना मार्क देईन. त्यांनी एवढं सांगितलं की मुलीला सुरुवातीलाच "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधी द्यायचं नाही, कारण ते मोडावं लागतं आणि तेव्हा तिचा विश्वास कायमचा जातो. त्याऐवजी म्हणायचं की तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावंच लागेल तेवढ्यांनाच सांगेन आणि सांगायच्या आधी तुला सांगेन. आणि गर्भपाताच्या २०२२ च्या त्याच निकालात एक वाट आहे, अठराच्या आतली मुलगी गर्भपातासाठी आली तर डॉक्टरने पोलिसांना कळवायचं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव ओळख त्यात सांगायची गरज नाही. हे किती डॉक्टरांना माहीत आहे देव जाणे. केस झालीच तर बालकल्याण समितीकडे मुलीसाठी सपोर्ट पर्सन मागता येते, जी कोर्ट संपेपर्यंत तिच्यासोबत राहते, हेही तिथेच कळलं. पण मूळ प्रश्न तसाच आहे. माझं मत सांगते, ज्या आशाने असं कळवलं तिला गावात कोण सांभाळणार याची सोय सरकारने कागदावर तरी केली पाहिजे. ती मानधनावर काम करते, तिचं घर त्याच गावात, तिची पोरं त्याच शाळेत. कायद्याने तिच्यावर जबाबदारी टाकली, तिच्या पाठीशी मात्र कोणी उभं केलं नाही.

गावात नंतर काय होतं यावरचा भाग छोटा पण चांगला होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी फिरते, फोटो फिरतो, हळहळ म्हणून लोक नाव टाकतात. पीडितेची ओळख कळेल असं काहीही छापणं पसरवणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, मग तो सरपंच असो नाहीतर पत्रकार. याचा धडा तिथे हॉलमध्येच मिळाला, एक ताई स्वतःच्या भागातली खरी घटना सांगायला लागल्या आणि वाडीचं नाव घेणार तेवढ्यात ट्रेनर ताईंनी हात वर करून थांबवलं, आवाज न चढवता म्हणाल्या वाडीचं नाव नको, आडनाव नको, महिना पण नको. भावकीने मिटवलं, पैसे देऊन मिटवलं, त्याच्याशीच लग्न लावून दिलं, याला कायद्यात काही किंमत नाही, केस मिटत नाही. आणि तक्रार केली म्हणून कोणी कुटुंबाला वाळीत टाकलं, पाणी बंद केलं, लग्नाला बोलवायचं नाही म्हटलं तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरोधात वेगळा कायदा आहे, २०१६ चा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हे मला नवीन होतं. पैशाचं म्हणाल तर मनोधैर्य योजना आहे, २०१३ पासून, प्रकरणाप्रमाणे दहा लाखांपर्यंत मदत होऊ शकते, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, १५१०० नंबर आहे.

आता प्रतिबंध म्हणजे हे होऊच नये म्हणून काय, इथे ट्रेनिंग सगळ्यात कमी पडतं. दोन दिवसांत यावर तासभर, तोही शेवटी, जेव्हा निम्म्या बायका कल्याणवरून मुरबाडची एसटी मिळेल की नाही म्हणून घड्याळ बघत होत्या. त्यात गुड टच बॅड टच, मुलींना बोलतं करा एवढंच. अहो वीटभट्टीचं काय? दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडीकडे भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात, तेवढे महिने पोरी झोपडीला दार नाही अशा जागी राहतात, मालकाची उचल घेतलेली असते म्हणून आईबाप बोलू शकत नाहीत. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्याने अशा असंघटित कामगार बायकांसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तीन महिन्यांच्या आत तिकडे तक्रार करता येते, पण भट्टीवर ते कोण सांगणार. पाण्याला लांब जायचं, संडासला अंधारात जायचं, कॉलेजहून शेवटच्या एसटीने उतरून पाड्यापर्यंत चालायचं, हे सगळं ग्रामसभेत मांडता येतं, दिवे मागता येतात, एसटीची वेळ बदलून मागता येते. त्यावर एक शब्द नाही. आणि पुरुष कुठे होते? आख्ख्या बॅचमध्ये पोलीस पाटील एक आणि शिक्षक दोन. पोरांशी कोण बोलणार, क्रिकेटच्या टीमशी, दहीहंडीच्या मंडळाशी, भजनी मंडळातल्या आजोबांशी? मी फीडबॅक फॉर्मवर हे मोठ्या अक्षरात लिहून आलेय.

बाकी व्यवस्था पटकन सांगते. हॉल स्वच्छ, पंखे चालू, पाणी होतं, पण संडास खालच्या मजल्यावर आणि एकच, एवढ्या बायकांना तो पुरत नाही. जेवण साधं, पोळी भाजी वरण भात, चांगलं. राहायची सोय नाही, त्यामुळे लांबच्या बायका पहाटे निघून येतात आणि रात्री घरी पोचतात, आशांचा दोन दिवसांचा कामाचा खाडा होतो त्याचं काही देत नाहीत, फक्त गाडीभाडं देतात. ते सुद्धा तिकीट दाखवून. छापील पुस्तिका देतात ती उपयोगाची आहे पण अक्षर इतकं बारीक की चाळिशीच्या वरच्या कोणाला चष्म्याशिवाय दिसणार नाही. आणि १८१ चं कौतुक करताना ज्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही तिथे काय करायचं यावर त्यांनी फक्त टेकडीवर जाऊन लावा म्हटलं, ते मला पटलं नाही. पुढे सहा महिन्यांनी परत बोलावून काय अडचणी आल्या ते विचारणं, असं काही ठेवलेलं नाहीये. ते ठेवलं पाहिजे, कारण खरे प्रश्न गावात गेल्यावर पडतात.

पाचपैकी चार देईन. अर्धा स्टार इंग्लिश स्लाइडसाठी कापला आणि अर्धा प्रतिबंधाच्या त्या घाईत उरकलेल्या तासासाठी. ऐकण्याचं सेशन, हॉस्पिटलचं सेशन आणि ते पोलीस चौकीचं नाटक यासाठी परत कोणी बोलावलं तर मी रजा टाकून जाईन.

जाणाऱ्यांसाठी थोडं. एका गावातून एकटीने जाऊ नका, निदान दोघी जा, एक आशा आणि एक बचत गटाची, म्हणजे उद्या वेळ आली तर एकटीवर सगळं पडणार नाही. आधीच फोन करून सांगा की आमच्या बॅचला कायद्याच्या स्लाइड मराठीत द्या, विचारल्यावर देतात असं नंतर कळलं. तुमच्या जवळचं असं हॉस्पिटल कुठलं जिथे २४ तास बाई डॉक्टर असते ते विचारून लिहून घ्या, मुरबाडवाल्यांना ते बदलापूर उल्हासनगरकडे पडतं की ठाण्याला, हे आधी माहीत असलं तर रात्री शोधत बसावं लागत नाही. स्वतःला त्या दोन दिवसांत किंवा नंतर जड वाटलं, झोप येईना, जुनं काही वर आलं तर १४४१६ ला टेलिमानसवर (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) मराठीत बोलता येतं, फुकट आहे, आम्ही दोघींनी तो नंबर सेव्ह करून ठेवलाय. आणि ठाणे नवी मुंबईत राहणाऱ्यांनो, तुमच्या गावच्या आशाताईला एवढं नक्की सांगून ठेवा की कधीही, कितीही वाजता, कोणाला घेऊन यायची वेळ आली तर माझ्या घरी या. वहिनीने परत गेल्यावर माझा नंबर तिच्या पीएचसीतल्या बाकीच्या आशांनाही दिलाय, मीच दे म्हटलं.